डोळ्यांपुढच्या मुंग्या आणि एका कोडची जन्मकथा

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी सिनॉप्सिसच्या मसुद्यात मी एक वाक्य लिहिलं होतं. एका रुग्णालयाच्या मेंदूविकार आणि नेत्रविभागातल्या ओपीडीच्या जुन्या नोंदी मला अभ्यासाला मिळाल्या होत्या. विषय होता अर्धशिशी आणि तिच्यासोबत येणारे दृष्टीचे त्रास. नोंदींना आयसीडी-१० चे कोड लावलेले होते. मी कोडप्रमाणे डेटा गाळला, तक्ता काढला आणि मोठ्या आत्मविश्वासाने लिहिलं : 'या कालावधीत व्हिज्युअल स्नोचा एकही रुग्ण आढळला नाही.' मॅडमनी त्या वाक्याखाली लाल रेघ मारली आणि समासात चारच शब्द लिहिले : तेव्हा हा खण होता?

मला आधी प्रश्नच कळला नाही. रुग्ण शोधायचे तर रुग्ण शोधायचे, खणाचा काय संबंध? दोन दिवसांनी कोडची यादी पुन्हा उघडली तेव्हा लक्षात आलं की आयसीडी-१० मध्ये या त्रासाला स्वतःचा कोडच नाही. म्हणजे ओपीडीत असे शंभर जण येऊन गेले असते तरी माझ्या तक्त्यात शून्यच आलं असतं. मी कुलूप नसलेल्या दाराला किल्ली लावून बघत होतो आणि दार उघडत नाही म्हणून आत कोणी नाही असं जाहीर करत होतो.

आजची पोस्ट त्या खणाबद्दल आहे. तो नव्हता तो का नव्हता, आणि मग झाला तो कसा. पीईटी देऊन बसलेल्या, सिनॉप्सिस लिहायला घेतलेल्या आणि 'सेकंडरी डेटा आहे, काम लवकर होईल' असं समजणाऱ्या सगळ्यांसाठी. (मीही तेच समजत होतो.)

आधी त्रास काय आहे ते सांगतो. लहानपणी गावी दूरदर्शनचा अँटेना वाऱ्याने फिरला की पडद्यावर काळ्या-पांढऱ्या मुंग्या यायच्या. एकाने गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायचा, खालून दुसऱ्याने ओरडायचं, 'नाही, अजून मुंग्याच!' व्हिज्युअल स्नो असलेल्या माणसाला साधारण तशा मुंग्या सगळ्या दृश्यावर दिसतात. भिंतीवर, आकाशात, पुस्तकाच्या पानावर, अंधारात, पुष्कळांना डोळे मिटल्यावरसुद्धा. त्या काही मिनिटांनी जात नाहीत, सतत असतात. इंग्रजीत त्याला बर्फ म्हणतात. आपल्याकडे बर्फ पडताना पाहिलेली माणसं कमी आणि मुंग्या पाहिलेली जास्त, म्हणून मी मुंग्याच म्हणणार आहे.

माझ्या एका मैत्रिणीला हा त्रास कळायला लागल्यापासून आहे. तिची परवानगी घेऊन लिहितो आहे. एम.एस्सी.ला असेपर्यंत तिला वाटायचं की सगळ्यांनाच असं दिसतं. एकदा रात्री हॉस्टेलच्या गच्चीवर ती सहज म्हणाली, 'आकाशातले हे बारके ठिपके हलायचे थांबतच नाहीत ना कधी.' आम्ही तिघं तिच्याकडे बघत राहिलो. मग डॉक्टरांच्या फेऱ्या सुरू झाल्या. पहिल्या ठिकाणी ती म्हणाली, 'डोळ्यांत मुंग्या आल्यासारखं होतं.' तरुण डॉक्टरांनी विचारलं, हातापायांनाही येतात का? मराठीत मुंग्या येणं म्हणजे अंग बधिर होऊन झिणझिण्या येणं, त्यामुळे त्यांचं काही चुकलं असं म्हणता येत नाही. पुढच्या ठिकाणी तिने वाक्य सुधारलं, 'डोळ्यांसमोर मुंग्या दिसतात.' आता प्रश्न आला, आणखी काय काय दिसतं? आवाज ऐकू येतात का? ती खरं बोलणारी मुलगी. कानात सतत बारीक शिटी वाजते, ती म्हणाली, हो, येतो आवाज. त्यानंतर कागदावर काय लिहिलं गेलं असेल याचा अंदाज तुम्ही करा. तिला चिठ्ठी मिळाली ती मानसोपचार विभागाची.

ही गंमत म्हणून सांगत नाही. आयसीडी-१० मध्ये अंगाला मुंग्या येण्याचा कोड आर२०.२ आहे. नसलेलं काही दिसणं, म्हणजे दृश्यभास, याचा कोड आर४४.१ आहे. एकच मुलगी, एकच त्रास, शब्द एक इंच सरकला की नंबर बदलतो. आणि दोन्ही नंबर चुकीचे.

बरोबर नंबर का नव्हता हे समजायला बरंच मागे जावं लागतं.

आज जगभर वापरली जाणारी ही यादी मुळात मृत्यूंची यादी आहे. सतराव्या शतकात लंडनमध्ये दर आठवड्याला मृत्यूंचे तक्ते छापले जायचे. कारण ठरवायला ठेवलेल्या म्हाताऱ्या बायका घरोघरी जाऊन प्रेत बघायच्या आणि सांगायच्या. १६६२ साली जॉन ग्राँट या कापडव्यापाऱ्याने त्या तक्त्यांवर पुस्तक लिहिलं. त्यातली कारणं वाचण्यासारखी आहेत : 'दात', 'एकाएकी', 'घाबरून', 'दुःख'. आपल्याला हसू येतं, पण ग्राँटने या कच्च्या मालातूनही लोकसंख्याशास्त्राची सुरुवात करून दाखवली. डेटा घाण आहे म्हणून रडणाऱ्यांनी (यात मी पहिला) त्याचं नाव लक्षात ठेवावं.

१८३७ मध्ये इंग्लंडमध्ये जन्ममृत्यू नोंदणीचं सरकारी कार्यालय सुरू झालं आणि विल्यम फार तिथे आकडेवारीचं काम बघू लागला. पहिल्याच अहवालात, १८३९ मध्ये, त्याने तक्रार केली की एकेका आजाराला तीन-चार नावं आहेत, आणि एकच नाव तितक्याच वेगवेगळ्या आजारांना दिलं जातं. मोजमापाच्या शास्त्रात जे महत्त्व वजनाला आणि मापाला, ते या कामात नावांना आहे, असं त्याचं म्हणणं. पुढे त्याने सगळ्या आजारांची जी मांडणी सुचवली तिचे पाच गट होते : साथीचे आजार, सर्व शरीराचे आजार, शरीराच्या एकेका जागेचे आजार, वाढीशी संबंधित आजार आणि इजा. यातला तिसरा गट लक्षात ठेवा. 'जागेप्रमाणे' आजार लावायचे, डोळ्याचे डोळ्यात, कानाचे कानात, मज्जासंस्थेचे मज्जासंस्थेत. हा विचार इतका सोयीचा होता की त्याचा सांगाडा आजही टिकून आहे. आपल्या मुंग्या पुढे नेमक्या इथेच अडकणार आहेत.

१८९३ मध्ये शिकागोला आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या अधिवेशनात जाक बर्तियाँ याने मृत्यूच्या कारणांची यादी मांडली. तो पॅरिस शहराच्या आकडेवारी विभागाचा प्रमुख होता. त्याचा भाऊ आल्फाँस पॅरिसच्या पोलिसांत होता आणि गुन्हेगार ओळखण्यासाठी त्यांच्या शरीराची मापं घेऊन कार्डं बनवायचा. एका घरात एक भाऊ मेलेल्यांना खणांत घालतोय आणि दुसरा चोरांना! १९०० मध्ये पॅरिसला २६ देशांचे प्रतिनिधी जमले, १७९ कारणांची यादी मंजूर झाली, आणि साधारण दर दहा वर्षांनी तिची उजळणी करायची असं ठरलं. आयसीडी-१० मधला १० हा त्या उजळण्यांचा क्रमांक आहे. हे मला एम.एस्सी. होईपर्यंत माहीत नव्हतं, मला वाटायचं सॉफ्टवेअरची आवृत्ती असावी.

आता बघा, व्हिज्युअल स्नोने कोणी मरत नाही. आयुष्यभर मुंग्या बघत माणूस नव्वदीपर्यंत जगू शकतो. मृत्यूच्या यादीत त्याला जागा मिळण्याचं कारणच नव्हतं. जिवंत माणसांच्या आजारांसाठी समांतर यादी करण्याचे प्रयत्न १९०० पासूनच होत होते, पण मान होता तो मृत्यूच्या यादीला. १९४८ मध्ये यादी नव्याने स्थापन झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेकडे आली, आणि सहाव्या उजळणीत पहिल्यांदा आजार आणि मृत्यू दोन्हींसाठी एकच यादी झाली. तिथून पुढे न मारणाऱ्या त्रासांनाही दार किलकिलं झालं.

दहावी उजळणी जागतिक आरोग्य परिषदेने १९९० मध्ये मंजूर केली आणि १९९४ पासून देश ती वापरू लागले. माझा डेटा याच यादीतला. या यादीच्या इमारतीत मुंग्या दिसणाऱ्या माणसाने कुठलं दार ठोठवायचं? मी चार दारं मोजली.

पहिलं दार डोळ्याचं. प्रकरणाचं नाव 'डोळा आणि त्याच्या उपांगांचे आजार', अक्षर एच. त्यात एच५३.१ म्हणजे 'व्यक्तिनिष्ठ दृष्टिदोष'. व्यक्तिनिष्ठ म्हणजे ज्याचा पुरावा फक्त रुग्णाचं बोलणं. या एका कोडखाली डोळ्यांवर ताण येणं, दिवसा न दिसणं, वस्तू वाकड्यातिकड्या दिसणं, उजेड सहन न होणं, दिव्याभोवती कडं दिसणं, अर्धशिशीतला लखलखणारा डाग, एकाएकी दृष्टी जाणं असं सगळं बसवलं आहे. आपल्या स्वयंपाकघरात एक ड्रॉवर असतो बघा, त्यात रबरबँड, मेणबत्ती, जुनी किल्ली, औषधाची बाटली सगळं सापडतं. तसा हा ड्रॉवर. मुंग्यांचं नाव त्यात नाही, पण टाकायच्या तर इथेच. अमेरिकेने स्वतःसाठी वाढवलेल्या आवृत्तीत याचाही आणखी बारीक उपकोड आहे, एच५३.१९, म्हणजे 'इतर व्यक्तिनिष्ठ दृष्टिदोष'. इतरांमधले इतर.

दुसरं दार मज्जासंस्थेचं, अक्षर जी. अर्धशिशी तिथे जी४३ वर आहे. काही अर्धशिशीच्या रुग्णांना डोकेदुखीआधी वीस-तीस मिनिटं नागमोडी रेषा दिसतात, त्याला ऑरा म्हणतात. मुंग्या हा न संपणारा ऑराच, असं पुष्कळ डॉक्टर समजत. तिसरं दार मनोविकारांचं, अक्षर एफ. त्यात एफ१६ हा भ्रमकारी द्रव्यांचा गट. एलएसडीसारखी द्रव्यं घेतल्यावर काहींना महिनोन्‌महिने दृश्यं डागाळलेली दिसत राहतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम या पुस्तकात १९८७ पासून या अवस्थेला जागा होती. लक्षणं इतकी मिळतीजुळती की मुंग्या सांगितल्या की पुढचा प्रश्न ठरलेला : काही घेतलं होतंस का? चौथं दार आर, म्हणजे निदान न झालेली लक्षणं. दृश्यभास तिथे.

इथे एक तुलना केल्याशिवाय राहवत नाही. कानात शिटी वाजणं हीसुद्धा पूर्ण व्यक्तिनिष्ठ तक्रार आहे. बाहेरून कोणाला ऐकू येत नाही, कान तपासला तर बहुधा ठीक असतो. पण तिला आयसीडी-१० मध्ये स्वतःचा कोड आहे, एच९३.१. त्याच एच अक्षरात, थोडं पुढे. कानाच्या शिटीला वैद्यकात फार जुनं नाव होतं, टिनिटस. नाव होतं म्हणून खण मिळाला. डोळ्यातल्या त्याच जातीच्या त्रासाला नाव नव्हतं, म्हणून तो ड्रॉवरमध्ये. 'व्यक्तिनिष्ठ आहे म्हणून कोड नाही' हे कारण त्यामुळे टिकत नाही.

नाव कधी आलं? वैद्यकीय नियतकालिकांत या त्रासाचं नीट वर्णन पहिल्यांदा १९९५ मध्ये आलं असं मानतात. ग्रँट लिउ आणि सहकाऱ्यांनी 'न्यूरॉलॉजी'मध्ये दहा रुग्णांबद्दल लिहिलं. सगळ्यांना अर्धशिशी होती आणि दृश्यभर सतत काहीतरी दिसत होतं, काहींचं वर्णन टीव्हीवरच्या खरखरीचं. वर्ष बघा, १९९५. यादी १९९० ला मंजूर होऊन बसलेली. पाच वर्षांनी गाडी चुकली. शिवाय त्या पेपरच्या शीर्षकातच 'अर्धशिशीतील' होतं, त्यामुळे मुंग्यांची वाटचाल अर्धशिशीच्या घरातला पाहुणा म्हणूनच सुरू झाली, आणि जवळजवळ वीस वर्षं तो पाहुणाच राहिला.

२०१४ चा पेपर मला फार आवडतो. संशोधनाला लागणाऱ्यांनी तो निष्कर्षासाठी वाचावाच, पण पद्धतीसाठी नक्की वाचावा. क्रिस्टोफ शांकिन, फराज मणियार, कॅथलीन डिग्रे आणि पीटर गोड्सबी यांनी 'ब्रेन'मध्ये तो छापला. त्यांच्यापुढचा प्रश्न होता की हा एक आजार आहे का, की नुसतं एक लक्षण आहे. नुसत्या मुंग्या मोजून याचं उत्तर मिळत नाही. त्यांनी आधी २२ रुग्णांच्या जुन्या नोंदी वाचल्या आणि मुंग्यांसोबत आणखी काय काय येतं ते टिपलं. पुढच्या टप्प्यात आणखी १४२ जणांच्या दूरध्वनीवर मुलाखती घेतल्या. त्यातून डोळ्यांची तपासणी पूर्ण ठीक असलेले आणि खरोखर मुंग्या दिसणारे ७८ जण निघाले. त्या ७८ पैकी ७२ जणांमध्ये आधी ठरवलेल्या यादीतली किमान तीन जादा दृश्यलक्षणं सापडली. म्हणजे लक्षणं सुटी येत नव्हती, टोळीने येत होती. समोरची वस्तू सरकली तरी तिची छबी रेंगाळणं, डोळ्यातले तरंगते धागे आणि वळवळणारे ठिपके जास्त ठळक दिसणं, उजेड सहन न होणं, रात्री कमी दिसणं. वेगवेगळ्या घरांतली, एकमेकांना न ओळखणारी माणसं त्याच चार-पाच गोष्टी सांगत असतील तर 'मनाचे खेळ' म्हणून सोडून देणं अवघड होतं.

आणि दोन जुन्या दारांचं काय? अर्धशिशी त्या ७८ मध्ये पुष्कळांना होती, निम्म्याहून जास्त. पण मुंग्या सुरू होताना किंवा वाढताना ऑरा आलेले फार थोडे. शिवाय चौथ्या हिश्श्याच्या माणसांना त्या आठवतंय तेव्हापासून दिसत होत्या. लहानपणापासून मुंग्या बघणाऱ्या मुलीला काय घेतलं होतंस म्हणून विचारायचं? पेपरच्या शीर्षकातच निर्णय होता : हा अर्धशिशीच्या ऑराहून वेगळा विकार आहे. त्याच वर्षी शांकिन यांच्या गटाने १७ रुग्ण आणि १७ निरोगी व्यक्तींचं पेट स्कॅन करून दाखवलं की रुग्णांच्या मेंदूत, दृष्टीचं पुढचं काम करणाऱ्या लिंग्वल गायरस या भागात, ग्लुकोजचा वापर जास्त आहे. १७ ही संख्या लहान आहे हे मान्य. पण आता रुग्णाच्या बोलण्यापलीकडचं काहीतरी हातात आलं होतं.

या पेपरवर एक आक्षेप घेता येतो, आणि सेमिनारमध्ये तो मी स्वतः घेतला होता. हे रुग्ण मोठ्या प्रमाणात स्वतःहून पुढे आलेले, एकमेकांशी संपर्कात असलेले लोक होते. अशा नमुन्यात सगळे एकच भाषा बोलू लागतात. आक्षेप बरोबर आहे, पण मॅडमनी उलट विचारलं, 'मग दुसरीकडून आणणार कुठून? दवाखान्याच्या नोंदीत त्यांचा कोड आहे का?' मी गप्प. कोड नाही म्हणून नोंदीतून रुग्ण मिळत नाहीत, नोंदीतून मिळत नाहीत म्हणून स्वतःहून आलेल्यांवर अभ्यास करायचा, अभ्यास स्वतःहून आलेल्यांवर म्हणून पुरावा कच्चा, पुरावा कच्चा म्हणून कोड नाही. या चक्रातून बाहेर पडायला कोणीतरी कच्च्या पुराव्याने सुरुवात करावीच लागते. ते श्रेय बऱ्याच अंशी रुग्णांचं आहे. त्यांनी संघटना काढल्या, पैसे जमवले, डॉक्टरांच्या मागे लागले. २०१८ मध्ये सिएरा डॉम्ब या स्वतः रुग्ण असलेल्या तरुणीने व्हिज्युअल स्नो इनिशिएटिव्ह ही संस्था सुरू केली.

२०१८ मध्येच आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेच्या वर्गीकरणाची तिसरी आवृत्ती आली. त्यात मुंग्यांना जागा मिळाली, पण परिशिष्टात, क्रमांक ए१.४.६. परिशिष्ट म्हणजे लग्नघरातला ओटा. बसा, चहा घ्या, आत बोलावू. त्या पुस्तकात परिशिष्टाचा उपयोगच हा असतो, की अजून पुरेशी सिद्ध न झालेली निदानं तिथे ठेवायची म्हणजे जगभरचे संशोधक एकाच व्याख्येने काम करतील आणि पुरावा साठेल. मला ही पद्धत फार शहाणपणाची वाटते. निकष थोडक्यात असे : दृश्यभर सतत हलणारे बारीक ठिपके तीन महिन्यांहून जास्त काळ, वर सांगितलेल्या चार जादा लक्षणांपैकी किमान दोन, नेहमीच्या ऑराशी न जुळणं, आणि दुसऱ्या कुठल्या आजाराने उलगडा न होणं. शेवटच्या अटीत भ्रमकारी द्रव्यंही येतात. एफ१६ चं दार बंद झालं नाही, पण पहिलं दार राहिलं नाही.

मग अकरावी उजळणी. २०१९ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य परिषदेने ती स्वीकारली, १ जानेवारी २०२२ पासून ती लागू झाली. त्यात एक ओळ आहे : ९डी५६, व्हिज्युअल स्नो.

हा कोड मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला एक गोष्ट खटकली. २०१४ पासून संशोधक सांगत आहेत की डोळा ठीक आहे, गडबड मेंदूत आहे. मग कोड मज्जासंस्थेच्या आठव्या प्रकरणात हवा. हा तर नवव्या प्रकरणात, डोळ्याच्या. पुन्हा चुकीचं दार? मग प्रकरणाचं नाव नीट वाचलं. आयसीडी-१० मध्ये ते 'डोळा आणि त्याच्या उपांगांचे आजार' होतं. आयसीडी-११ मध्ये ते 'दृष्टिसंस्थेचे आजार' आहे. डोळा नव्हे, दृष्टिसंस्था. म्हणजे बुबुळापासून मेंदूच्या मागच्या भागापर्यंत जाणारी अख्खी वाट. फारची 'जागेप्रमाणे' लावायची पद्धत तशीच ठेवली, पण जागेची व्याख्या रुंद केली. पाहुण्याला दुसऱ्याच्या घरात घुसवण्याऐवजी घराच्या भिंती सरकवल्या. हे फक्त मुंग्यांसाठी केलेलं नाही, आणि भिंती इतरत्रही सरकल्या आहेत. पक्षाघात इतकी दशकं रक्ताभिसरणाच्या प्रकरणात होता, तो अकराव्या उजळणीत मज्जासंस्थेत गेला. माझा एक मित्र मेंदूतल्या रक्तवाहिन्यांवर काम करतो, त्याला हे सांगितलं तर म्हणाला, 'अरे, मग माझे जुने आणि नवे तक्ते जुळणार कसे?' जुळणार नाहीतच. त्याने त्याच्या प्रबंधात आता त्यावर एक वेगळं उपप्रकरण घेतलं आहे.

कोड आला म्हणून सगळीकडे आला असं मात्र नाही. यादी मंजूर होणं आणि दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममधल्या संगणकात ती उतरणं यात वर्षं जातात. आयसीडी-१० मंजूर झाली १९९० ला आणि अमेरिकेतल्या दवाखान्यांनी आजारांच्या नोंदींसाठी ती घेतली २०१५ ला, पंचवीस वर्षांनी. तुम्हाला पुढची काही वर्षं दोन्ही याद्यांतला डेटा मिळत राहणार. एक देश मुंग्यांना ९डी५६ लिहील, दुसरा एच५३.१ च्या ड्रॉवरमध्ये टाकेल. दोन आकडे शेजारी ठेवून 'तिकडे प्रमाण जास्त' असं लिहिणारा पेपर येणार याची मला खात्री आहे. तुम्ही तो लिहू नका एवढंच.

आता 'दुर्मीळ' या शब्दाबद्दल. मीही मसुद्यात तो वापरला होता. २०२० मध्ये डॅनियल कोंडझिएला आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या १,०१५ लोकांना ऑनलाइन प्रश्नावली दिली. आपण कशाचा अभ्यास करतोय हे आधी न सांगता, म्हणजे तोच त्रास असलेले लोक गोळा होऊ नयेत म्हणून. ३८ जणांनी मुंग्या दिसतात असं सांगितलं, आणि पूर्ण निकषांत बसणारे २२ निघाले, म्हणजे २.२ टक्के. साधारण पंचेचाळिसात एक. एक प्रश्नावली म्हणजे अंतिम शब्द नव्हे, डॉक्टरांनी प्रत्येकाला तपासलेलं नाही. तरी पंचेचाळिसात एकाला दुर्मीळ म्हणायला जीभ अडखळते. साठ जणांच्या वर्गात एखादा असेल, आणि त्याला वाटत असेल की सगळ्यांनाच असं दिसतं. त्याच वर्षी फ्रांचेस्का पुलेडा आणि सहकाऱ्यांनी १,१०० रुग्णांचं वर्णन 'न्यूरॉलॉजी'मध्ये छापलं. १९९५ मध्ये दहा, २०२० मध्ये अकराशे. त्या अकराशेंपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांच्या कानात शिटी वाजत होती. हा आकडा वाचला तेव्हा मी मैत्रिणीला फोन केला. 'आवाज ऐकू येतात का'ला तिने दिलेलं उत्तर निदानाच्या बाजूने जाणारं होतं, ते विरुद्ध गेलं.

तर माझं काय झालं. ते वाक्य अर्थात खोडलं. नैतिकता समितीकडे नव्याने अर्ज केला, कारण आधीची परवानगी फक्त कोड आणि वय-लिंग एवढ्याचीच होती, आणि आता मला केसपेपरवरची 'मुख्य तक्रार' ही ओळ वाचायची होती. नाव-पत्ता झाकून. परवानगीला पाच महिने लागले. (गाईडला आधी विचारा, समितीच्या बैठकांच्या तारखा बघा, मग टाइमटेबल करा. मी उलट केलं.) गेलं वर्षभर एच५३.१, आर४४.१ आणि जी४३ या खणांतल्या नोंदी एकेक करून वाचतो आहे. आर२०.२ पण घेतला, मैत्रिणीमुळे. मॅडम आधी हसल्या, मग म्हणाल्या, घे.

इथे एक अडचण आली जी कुठल्याही इंग्रजी पेपरात मला सापडली नसती. टीव्हीची खरखर किंवा बर्फ शोधून उपयोग नाही, आपल्याकडचा रुग्ण तसं बोलत नाही. म्हणून मी शब्दांची यादी करायला घेतली. मुंग्या हा एक. काजवे हा दुसरा, पण तो फसवा, कारण चक्कर आल्यावर किंवा मार बसल्यावरही डोळ्यांसमोर काजवे चमकतात, आणि ते क्षणात जातात. रवा सांडल्यासारखं, धुरळा उडाल्यासारखं, पाऊस पडल्यासारखं, डास उडाल्यासारखं. तपासणाऱ्याने हे इंग्रजीत उतरवताना बहुतेक ठिकाणी एकच शब्द लिहिला आहे, अंधुक दिसणं. मूळ मराठी शब्द क्वचितच अवतरणचिन्हांत शिल्लक राहिला आहे. ज्या डॉक्टरांनी तो तसाच ठेवला त्यांचे मी मनोमन आभार मानतो.

किती सापडले ते आज सांगत नाही. दुसऱ्या वाचकाकडून पडताळणी चालू आहे, आणि आमच्या दोघांचं एकमत किती हा आकडा अजून मला लाज वाटावी इतका आहे. भांडण मुख्यतः 'धुरळा'वरून आहे. तो म्हणतो मोतीबिंदू, मी म्हणतो वय बघ, बावीस.

शून्य नाहीत, एवढं सांगतो.